जुलैतले बिनखेळाचे दिवस

बेसबॉलचा मोसम म्हणजे रोजचा रतीब. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत एकेका संघाला 162 सामने खेळायचे असतात, त्यामुळे चाहत्याला बहुतेक दिवशी आज मॅच आहे का, हे विचारावंच लागत नाही. आणि मग जुलैच्या मध्यावर हे सगळं अचानक थांबतं. दोन्ही लीगमधले निवडक खेळाडू एक सामना खेळतात, बाकीचे सुट्टीवर जातात. 1933 साली शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांच्या कल्पनेतून हा ऑल-स्टार सामना शिकागोच्याच कोमिस्की पार्कवर पहिल्यांदा झाला. त्यातला पहिला होमरन बेब रूथनं मारला. आता मंगळवारच्या त्या एका सामन्याच्या अलीकडे-पलीकडे मोकळे दिवस येतात. पट्टीच्या चाहत्यांना ते जात नाहीत. कुणी तळ्याकाठी जातं, कुणी घराचं रंगकाम काढतं, कुणी जुने पिक्चर लावून बसतं.

माझे ते दिवस एका माणसाच्या नावावर आहेत.

1997 च्या वसंतात आम्ही शिकागोच्या उत्तर भागात भाड्यानं राहायला आलो. विटांचं दुमजली घर, खाली मालक, वर आम्ही, मागच्या बाजूला करड्या रंगाचा लाकडी जिना आणि दोन्ही मजल्यांना लाकडी गॅलरी. शिकागोत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, नोकरीची परवानगी नाही. तो सकाळी ऑफिसला गेला की दिवस अंगावर यायचा. दुपारी एक वीसला खालच्या गॅलरीत रेडिओ लागायचा, ती त्या घरात मला ऐकू येणारी पहिली माणसांची बोलणी. शिकागोच्या कब्स संघानं त्या वर्षी मोसमातले पहिले चौदाच्या चौदा सामने गमावले होते. खालचे गृहस्थ ते सगळे ऐकत होते. शेवटी न राहवून मी जिन्यावरूनच विचारलं, की हे रोज हरतायत, मग तुम्ही ऐकता कशाला? त्यांनी वर पाहिलं आणि शेजारची खुर्ची पायानं सरकवली. "बसून ऐक, मग कळेल."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी त्यांना काका म्हणू लागले होते. पोलिश आई-बापांचा तो मुलगा, त्यांनाही ते नाव आवडलं असावं. फोनवर मुलीशी बोलताना ते स्वतःचा उल्लेख तसा करायचे.

त्यांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. क्रिकेटचा स्कोअर मला वडिलांमुळे येत होता, पण हे प्रकरण वेगळं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याकडे, त्यानं फर्स्टकडे फेकून दोघांना बाद केलं, की चौकटीत 6-4-3. तीन स्ट्राइकवर बाद तो 'के'. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहिला, तर तोच 'के' उलटा. पेन्सिल ते खिशातल्या चाकूनं तासायचे आणि खोडरबर जवळ ठेवायचे नाहीत. चुकलं तर चुकलेलं तसंच राहू दे म्हणायचे.

मोसमभर आमचं बोलणं या चौकटींपुरतं असायचं. पिचर दमलाय, आता काढायला हवा. वारा तळ्याकडून आत येतोय, आज होमरन नाहीत. खेळ चालू असताना काकांना दुसरं काही विचारलं तर ऐकू जायचं नाही. त्यांची बायको कधी गेली, ते काय काम करायचे, मुलगी इतकी लांब का, हे मला सगळं कळलं ते जुलैच्या त्या खंडात. रेडिओ बंद असला की त्यांना बोलावंच लागायचं.

काका सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते, अगदी निवृत्त होईपर्यंत. काम रात्रीचं. रिगली फील्डवर तेव्हा दिवेच नव्हते, कब्सचे घरचे सगळे सामने दुपारी व्हायचे. त्यामुळे दुपारी स्टेडियम आणि संध्याकाळी केबिन, असं त्यांचं आयुष्य सुरळीत चाललं होतं. 1988 च्या 8 ऑगस्टला रिगलीवर पहिल्यांदा दिवे लागले, तो दिवस ते घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं सांगत. त्या रात्री साडेतीन इनिंग झाल्या आणि पावसानं सामना धुऊन नेला. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा दिवे लागले आणि सामना पार पडला, ते सांगायचं मात्र ते टाळत.

सुट्टी ही त्यांच्या धंद्यात नसलेली गोष्ट. लोकांना रजा असते तेव्हाच थिएटर भरतं. शिकागोत तर उन्हाळा हाच हंगाम. 1917 मध्ये उघडलेल्या सेंट्रल पार्क थिएटरमध्ये बलाबन आणि कॅट्झ या मालकांनी हवा गार करणारी यंत्रणा बसवली, आणि उकाड्यानं हैराण झालेले लोक पिक्चर कुठलाही असो, गारव्यासाठी आत येऊन बसायला लागले. पुढे सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ऑपरेटरला रजा कोण देणार? काकूंनी निवृत्तीची वाट पाहिली. त्यानंतर मात्र दोघं दरवर्षी विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीला जायची. तेही ऑल-स्टारच्या सुट्टीतच, म्हणजे कब्सची एकही मॅच बुडायला नको. "तिला वाटायचं, मी तिच्यासाठी रजा काढतो," काका म्हणाले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "काढतच होतो."

डोर काउंटीत जुलैच्या मध्यापासून आंबट चेरी तयार होते. काकू गेल्यावर ते तिकडे गेले नाहीत, पण त्या आठवड्यात बाजारातून बादलीभर चेरी आणायचे. बिया काढायला त्यांच्याकडे काकूंचा केसांचा आकडा होता. त्याचं वळलेलं टोक देठाच्या जागी खुपसायचं, जरासं फिरवायचं आणि उचलायचं, बी अलगद बाहेर. फळ फुटत नाही. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि गॅलरीच्या करड्या फळ्यांवर लाल ठिपके पडायचे. त्यांचा वेग मला कधीच जमला नाही. त्या चेरीचा मी साखर आणि वेलदोडे घालून मुरांबा केला, तर ते तो पावाला न लावता वाटीतून चमच्यानं खायला लागले.

आणि रात्री पिक्चर. टर्नर क्लासिक मूव्हीजवर चोवीस तास जुने चित्रपट लागत, आणि व्हिडिओ कॅसेटींचं कपाट होतंच. मला वाटलं होतं, यांनी हे सगळे शेकडो वेळा पाहिले असतील. तर काका म्हणाले, दाखवलेत, पाहिले नाहीत. एक रीळ सुमारे वीस मिनिटांचं. शेजारी दुसरा प्रोजेक्टर पुढचं रीळ चढवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसतो, त्याबरोबर अदलाबदल. हुकलं तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. म्हणजे ऐन प्रसंगात नायिका रडत असताना ऑपरेटरची नजर तिच्या चेहऱ्यावर नसतेच, ती कोपऱ्यावर असते. टीव्हीवरच्या जुन्या प्रतींमध्येही कधीकधी ते ठिपके तसेच राहिलेले असायचे. ठिपका चमकला की खुर्चीच्या हातावरचं काकांचं बोट उचललं जायचं, आणि दुसऱ्या ठिपक्याला खाली यायचं. नटी मर्ना लॉय नीट पाहायला आपल्याला सत्तरी गाठावी लागली, असं ते म्हणायचे.

'मॅनहॅटन मेलोड्रामा' जुलैत लागायलाच हवा, हा त्यांचा नियम. 22 जुलै 1934 रोजी शिकागोच्या बायोग्राफ थिएटरात हाच पिक्चर पाहून दरोडेखोर जॉन डिलिंजर बाहेर पडला आणि फेडरल एजंटांच्या गोळ्यांनी मेला. त्याच महिन्यातल्या ऑल-स्टार सामन्यात कार्ल हबेलनं रूथ, गेरिग, फॉक्स, सिमन्स आणि क्रोनिन या पाच जबरदस्त फलंदाजांना ओळीनं स्ट्राइकआउट केलं होतं. काकांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगायच्या असत. मी त्यांना पुण्यातल्या मॅटिनीबद्दल सांगितलं, वडिलांचं बोट धरून पाहिलेल्या प्रभातच्या चित्रपटांबद्दल. एकदा डेव्हन अव्हेन्यूवरच्या दुकानातून शांतारामांचा 'माणूस' मिळाला तो त्यांना दाखवला. 1939 चा पिक्चर, भाषा अगम्य, मी शेजारी बसून भाषांतर करतेय. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. शांता हुबळीकरांचा चेहरा बघू दे, म्हणाले.

'प्राइड ऑफ द यांकीज' मात्र आम्ही दोघं सांभाळून बघायचो. सलग 2,130 सामने खेळलेल्या लू गेरिगला स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य आजारानं गाठलं. 4 जुलै 1939 ला यांकी स्टेडियमवर त्यानं निरोप घेतला, दोन वर्षांत तो गेला आणि 1942 मध्ये पिक्चर आला. गॅरी कूपर गेरिग झाला, बेब रूथ स्वतःच रूथ झाला. खऱ्या भाषणात गेरिगनं स्वतःला भाग्यवान म्हटलं ते सुरुवातीलाच. सिनेमावाल्यांनी ते वाक्य शेवटी नेऊन ठेवलं. काकांना ही ढवळाढवळ अजिबात खपत नसे. मरणाच्या दारातला माणूस आधी आभार मानतो, म्हणायचे, शेवटापर्यंत थांबायला त्याला वेळ कुठे असतो. त्या वेळी मला ते पटलं नव्हतं. मला कूपरचं भाषण आवडायचं, अजूनही आवडतं.

पुढे आम्ही जवळच घर घेतलं, मुलगी झाली, मला नोकरी लागली. मोसमातल्या मॅचेस माझ्या हातून सुटायला लागल्या. पण जुलैतल्या त्या दिवसांत आम्ही काकांकडे खालच्या गॅलरीत असायचोच. कब्स ज्या नॅशनल लीगमध्ये खेळतात, तिला 1997 पासून ऑल-स्टार सामना एकदाही जिंकता आला नव्हता. 2002 मध्ये तर अकरा इनिंगनंतर पिचर संपले म्हणून 7-7 असा अर्धवट सोडून दिला होता. शेवटी 2010 मध्ये अॅनाहाइमला 3-1 असा विजय मिळाला. नवव्या इनिंगमध्ये कब्सच्याच मार्लन बर्डनं उजव्या मैदानातून चेंडू उचलून सेकंडला फेकला आणि डेव्हिड ऑर्टिझ बाद झाला. काका खुर्चीतून उठले. त्या उन्हाळ्यात त्यांना उठायला हात द्यावा लागत होता, तेव्हा नाही लागला.

डिसेंबरात रॉन सँटो गेले. एकेकाळचे कब्सचे थर्ड बेसमन, मधुमेहानं दोन्ही पाय गमावूनही रेडिओवर बोलत राहिलेले. पहिल्या दिवशी खालच्या गॅलरीतून ऐकलेल्या आवाजांतला एक त्यांचा होता. बातमी सांगायला मी काकांकडे गेले, तर ते आधीच अंधारात रेडिओजवळ बसले होते. मार्चमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आत, काकाही गेले. हृदय थकलं होतं. मुलीनं अॅरिझोनाहून येऊन घर विकलं. कॅसेटी कुणालाच नको होत्या, त्या मी आणल्या. त्या चालवायचं नवं यंत्र आता बाजारात मिळत नाही.

2016 मध्ये कब्सनं क्लीव्हलँडमध्ये, दहाव्या इनिंगमध्ये, 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या दिवसांत रिगलीच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूनं नावं लिहीत होते, हे बघायला न उरलेल्या आई-बापांची, आजोबांची. हात पोहोचेल तिथवर भिंत भरली होती, शिड्या आणून वर लिहिणारेही होते. मी एका बाईकडून खडू मागून घेतला आणि देवनागरीत 'काका' लिहिलं. शेजारच्या माणसानं काही विचारलं नाही, नुसता सरकून जागा दिली. मला त्या विजयाचा आनंद झाला, पण खरं सांगते, त्या रात्री माझ्या मनात वर्ल्ड सिरीज नव्हती. मोसम चालू असताना काकांचं नसणं मला झेपतं, कारण तेव्हा तेही बोलत नसतच. जुलैत झेपत नाही.

त्यांच्या मुलीचा फोन आता ऑल-स्टारच्या सोमवारी येतो. ठरवून सुरू केलं नव्हतं. ती तिकडच्या उकाड्याबद्दल बोलते, यंदा कुठे सुट्टीला जाणार ते सांगते, मग आम्ही पिक्चरांवर येतो. बाबांचा सर्वांत आवडता 'कासाब्लांका', असं तिचं ठाम म्हणणं आहे. मी म्हणते शक्य नाही, तुझ्या आईला तो आवडायचा म्हणून ते लावायचे. यावर ती चिडते, मीही हटत नाही. मागच्या खेपेला ती म्हणाली, तू त्यांच्याबरोबर पिक्चर पाहिलेस, मी तर लहानपणी केबिनच्या दाराशी स्टुलावर बसून त्यांची पाठच पाहिली. मग मी तिला ठिपका चमकल्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटाबद्दल सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. कुठलं बोट, कुठल्या हाताचं, असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी आठवून आठवून सांगत राहिले.