इल्फर्डची टीम कुठे गेली?



संपादकांनी लेख मागितला की "सध्या वेळ नाही हो" असं म्हणून आम्ही नेहमी सुटका करून घेतो. या वेळी आपणहून लिहायला बसलो आहोत, कारण कार्यकारिणीच्या एका बैठकीत आमच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि ते अजून घशात अडकून बसलंय.

विषय आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आपले निम्मे सभासद आता रॉमफर्ड, चेम्सफर्ड किंवा त्याहूनही लांब राहायला गेले. हॉलचं भाडं वाढतंय आणि गणपतीला आरतीची ताटं जास्त अन् माणसं कमी अशी वेळ येते. तेव्हा शेजारच्या मोठ्या मंडळात विलीन व्हावं असा प्रस्ताव आला. नव्या नावात 'इल्फर्ड' नसेल, एवढीच काय ती अडचण. आम्ही पडलो केमिस्ट, त्यात पीएचडी. मोठ्या रुबाबात म्हणालो, "नाव म्हणजे बाटलीवरचं लेबल. आतलं रसायन तेच राहिलं की झालं!" मंडळी हसली. काका मात्र हसले नाहीत. (काका कोण ते सांगायला नकोच, इथे सगळ्यांचेच ते काका.) त्यांनी अर्धा प्यायलेला चहा तसाच ठेवला, कोट चढवला आणि निघून गेले. पुढच्या दोन बैठकांना ते आले नाहीत.

त्याच सुमारास आमच्या चिरंजीवांनी घरात एक प्रश्न टाकला. वय वर्षं नऊ. शनिवारी सकाळी पार्कात फुटबॉल आणि उरलेले सहा दिवस फुटबॉलच्या गप्पा. "बाकीच्या सगळ्या गावांची टीम असते. मग आपल्या इल्फर्डची कुठे आहे?" आम्हाला फुटबॉलमधलं काडीचं कळत नाही. पण मुलाला "माहीत नाही" सांगून गप्प बसणं आमच्या स्वभावात नाही. सेंट्रल लायब्ररी गाठली, थोडं इकडे-तिकडे वाचलं, आणि जे हाती लागलं ते वाचून आमचीच विकेट गेली.

इल्फर्डची टीम होती, आणि चांगली नावाजलेली होती. स्थापना १८८१. १९०५ मध्ये इस्थमियन लीग सुरू झाली, तिच्या संस्थापक संघांपैकी हा एक. हौशी संघांसाठी अमॅच्युअर कप नावाची मोठी स्पर्धा असे, ती इल्फर्डने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. पुढे न्यूबरी पार्कातलं मैदान हातचं गेलं आणि १९७९ मध्ये इल्फर्ड शेजारच्या लेटनस्टोनबरोबर एक झाला. लेटनस्टोन काही लेचापेचा नव्हता, त्याने तोच कप तीनदा जिंकला होता. जोडनाव झालं 'लेटनस्टोन-इल्फर्ड'. १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अॅव्हेन्यू हा तिसरा संघ त्यात आला. या संघाने १९५३ मध्ये एफए कपात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर १-१ असं बरोबरीत रोखलं होतं!

आता तिघांची नावं एका पाटीवर कशी मावणार? १९८९ मध्ये तोडगा निघाला तो असा, की तिन्ही नावं काढून टाकायची. इल्फर्डचा बरो रेडब्रिज आणि उरलेल्या दोघांचा वॉल्थम फॉरेस्ट. दोन्ही बरोंचा एकेक तुकडा घेऊन नाव ठेवलं 'रेडब्रिज फॉरेस्ट'. कुणाचंच मन दुखवायचं नाही म्हणून कुणाच्याच मनात नसलेलं नाव! आपल्याकडे दोन भावांच्या भांडणात दुकानाचं नाव काकूंनी ठेवावं, तसला प्रकार.

तेही नाव तीनच वर्षं टिकलं. १९९२ मध्ये हा संघ डॅगनमशी एक झाला आणि 'डॅगनम अँड रेडब्रिज' जन्माला आला. मैदान डॅगनमचं, व्हिक्टोरिया रोडवरचं, म्हणून डॅगनम आधी. लोकांच्या तोंडी मात्र नुसतं 'डॅगर्स' बसलं. जोडनावातलं दुसरं नाव जिभेवर आधी झिजतं, हे लग्नानंतर दोन आडनावं लावणाऱ्या आपल्या भगिनींना वेगळं सांगायला नको. पण विलीन होऊन नुकसान झालं असंही नाही. २००७ मध्ये हा संघ फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०१० मध्ये वेम्बलीवर जिंकून आणखी एक पायरी वर चढला आणि २०१६ पर्यंत लीगमध्ये टिकून राहिला. एकेकट्याला हे जमलं नव्हतं.

आणि गंमत पाहा. १९८७ मध्ये काही मंडळींनी 'इल्फर्ड' याच नावाने संघ पुन्हा उभा केला, पार खालच्या पायरीपासून. क्रिकलफील्डच्या स्टेडियमवर तो खेळत आला आहे. म्हणजे चिरंजीवांच्या प्रश्नाला उत्तरं दोन. इल्फर्डची परंपरा गेली डॅगनमला, आणि इल्फर्डचं नाव राहिलं हाय रोडवर.

हे सगळं वाचून आम्ही आधी खूशच झालो. पाहा, आमचंच म्हणणं खरं! लेबल बदललं आणि माल वर गेला. त्याच ऐटीत एका रविवारी काकांकडे गेलो. काकूंनी पोहे केले. आम्ही सगळी कहाणी ऐकवली. काका शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, "चौऱ्याहत्तरची फायनल वाचलीत का? मी होतो तिथे."

काका १९७१ मध्ये इथे आले. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या इल्फर्ड कंपनीत कामाला लागले. काम अंधाऱ्या खोलीत, त्यामुळे बरोबरच्या माणसांची ओळख आधी आवाजाने, मग चेहऱ्याने. १९७४ मध्ये इल्फर्ड अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यात पोचला. ती स्पर्धा त्या वर्षीच बंद झाली, म्हणजे तो शेवटचाच सामना. कामावरच्या दोघा-तिघांनी काकांना ओढून वेम्बलीला नेलं. समोर बिशप्स स्टॉर्टफर्ड. इल्फर्ड ४-१ ने हरला. परतताना गाडीत शेजारी बसलेला गोरा सहकारी काकांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "वी लॉस्ट, मेट."

"आता तुम्हीच सांगा," काका म्हणाले, "इंग्रजीत आम्ही आणि आपण दोन्हीला 'वी'च. तीन वर्षं कामावर 'वी' ऐकत होतो, त्यात मी आहे की नाही ते कळत नव्हतं. त्या रात्री कळलं. तो म्हणाला, आपण हरलो. घरी येऊन हिला पत्र लिहिलं, तेव्हा ही साताऱ्यात होती. लिहिलं, आज आमचं गाव हरलं."

दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, कंपनीने इल्फर्ड सोडलं. फिल्मच्या डबीवर 'इल्फर्ड' आजही छापतात, पण ती बनते चेशरमधल्या मॉबर्लीत. पुढे टीमच्या पाटीवरून नाव गेलं. "आता मंडळाच्या पाटीवरून जाणार," काका म्हणाले. "जाऊ दे. विलीन व्हा, मी नाही म्हणत नाही. पण लेबल म्हणू नका."

पोहे गार झाले. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना आम्हाला आमचं कॉलेज आठवलं. माटुंग्याची ती संस्था १९३३ मध्ये यूडीसीटी म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये यूआयसीटी झाली आणि २००८ पासून आयसीटी. आम्ही शिकलो आयसीटीत, पण जुने सर आणि माजी विद्यार्थी यूडीसीटीच म्हणायचे आणि आम्हाला ते कधी खटकलं नाही. पाटी बदलली, पण जुनं नाव कुणी खोडून टाकलं नाही.

आणि खोडण्यावरून आणखी एक आठवलं. प्रयोगशाळेच्या वहीत चूक दुरुस्त करायचा एक नियम असतो, पहिल्या वर्षाच्या पोरालाही तो शिकवतात. जुना शब्द गिरवून काळा करायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. पंधरा वर्षं आम्ही हे करतो आहोत आणि लेबलाचा दाखला देताना नेमकं हेच विसरलो.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत आमचं मत विलीनीकरणाच्या बाजूनेच पडेल. दोन मंडळांची मुलं एकत्र आली तर मराठीचा वर्ग भरेल, नाटकाला माणसं मिळतील. पण त्याबरोबर आम्ही एक सूचनाही मांडणार आहोत. नव्या मंडळाच्या लेटरहेडवर आणि या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर, नव्या नावाखाली बारीक टाइपात दोन्ही जुनी नावं वर्षांसकट छापावीत, आणि ती कायम राहावीत. झेरॉक्सची शाई काही त्याने जास्त लागणार नाही. सूचनेला अनुमोदन काकांनी द्यावं अशी विनंती केली आहे. "बघू" म्हणालेत. निदान सभेला येणार आहेत.

चिरंजीवांना दोन्ही उत्तरं सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि क्रिकलफील्ड निवडलं, कारण ते चालत जाण्याजोगं आहे. परवा सामना पाहून घरी आले ते चेहरा पाडूनच.

"काय झालं रे?" आम्ही विचारलं.

"आपण हरलो," तो म्हणाला. मराठीत.

लगेच काकांना फोन लावून सांगितलं.