नाक्याचं सुकट

वडखळ नाक्यावर सापडला म्हणून त्याचं नाव नाक्या. धरमतरला आमच्या घरापुढे अलिबागचा रस्ता आणि मागे खाडी. आधीचं कुत्रं त्याच रस्त्यावर डंपरखाली गेलं, म्हणून याच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून साखळी. वर्षभरात त्याने तीन चपला, एक पायपुसणं आणि ह्यांचा चष्मा चावून टाकला. डोलवीकडे जाणाऱ्या बार्जवर तो रात्ररात्र भुंके. भाताचं ताट समोर आलं की अर्ध्या मिनिटात फस्त, आणि निम्म्या वेळा ते सगळं ओकून बाहेर.

मुलाने पुण्याहून खोका पाठवला. त्यात उंचवटे असलेलं एक ताट, म्हणजे कुत्र्याला घास शोधत, हळूहळू खावं लागतं. आणि एक पोकळ लाल रबरी बोंडूक. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "कुत्र्याला खेलनी? आमच्या पोरांना करवंटी पुरली." या बोंडकाची गोष्ट मुलाने फोनवर सांगितली. अमेरिकेत जो मार्कहॅम म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. १९७०च्या दशकात फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना निघालेला एक रबरी भाग त्याने चावायला घेतला आणि दगड सोडले. त्यावरून हे खेळणं निघालं. म्हणजे मूळ वस्तू भंगारातलीच, हे काकूंना सांगून मी जरा वरचढ झाले.

बोंडकात भिजवलेले पोहे आणि उकडलेल्या बोयटाचं काटे काढलेलं मांस दाबून भरलं. नाक्या अर्धा तास त्याच्याशी झटत होता, आणि मग चक्क झोपला. भर दुपारी, बार्ज समोरून जात असताना!

पण खरं शिक्षण खाडीने दिलं. ओहोटी लागली की गावातली मोकळी कुत्री कांदळवनाच्या चिखलात उतरतात. निवट्यांमागे धावतात, चिंबोरीची बिळं उकरतात, तासभर हुंगत फिरतात. हाती बहुधा काहीच लागत नाही, तरी रोज जातात. नाक्या साखळीच्या टोकाला उभा राहून हे सगळं बघायचा. माझ्या चपला का गेल्या ते तेव्हा कळलं.

मग मी ओहोटी अंगणात आणली. भाजीचा जुना क्रेट, त्यात पेंढा, पेंढ्यात चिमूटभर सुकट. खारवलेली मासळी नाही, बिनमिठाचा जवळाच, तोही धुऊन. कांद्याचं कालवण तर नाहीच. कुत्र्याला कांदा बाधतो. कष्टाच्या खाण्याचं म्हणाल, तर ग्लेन जेन्सन नावाच्या एका संशोधकाने १९६३ साली उंदरांवर प्रयोग केला होता. समोर फुकटचं खाणं असतानाही बरेच उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं पसंत करत होते. नाक्याचंही तसंच. ताटातला भात तसाच ठेवून तो आधी पेंढ्यात तोंड खुपसतो.

आमची मनी मात्र बोंडकासमोर बसून माझ्याकडे बघत राहिली. तिचीही बाजू आहे म्हणा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १७ मांजरं तपासली. बहुतेकांनी कष्टाचं सोडून सरळ ताटातलंच खाल्लं. मनीच्या वाटीशी मी पुन्हा खेळ केला नाही. तिला दोरीला बांधलेलं पीस पुरतं, तेही आम्ही समोर असतानाच हलवायचं.

कारण दोरीने मला एकदा धडा शिकवलाय. हौसेने मी जवळ्याची पुरचुंडी सुतळीने बांधून पेंढ्यात लपवली आणि नाक्याने ती सुतळीसकट गिळली. दोन दिवस उलट्या, पेणला डॉक्टरकडे फेऱ्या, ह्यांचं न बोलता बघणं. सुतळी शेवटी आपसूक पडली. आता गाठ, रबरबँड, बाटलीचं टोपण, काही म्हणजे काही नाही. आणि खेळ संपला की बोंडूक धुऊन वर, नाहीतर मुंग्या.

साखळी अजून आहे, कारण रस्ता अजून तसाच आहे. पण ओहोटीला मी त्याला लांब दोरीने बांधावर नेते. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता दुधाच्या हिशोबाशेजारी पाण्याचा हिशोब असतो. काल त्याने पहिली चिंबोरी उकरून काढली. तिने त्याचं नाक धरलं.