जोर तोच, दात वेगळे

माझ्या चुलतभावाच्या पिकअपने गेल्या वर्षी दोन क्लच प्लेट खाल्ल्या. गाडी सेकंडहँड, हप्ते अजून सुरू, आणि काम बपेऱ्याच्या आजूबाजूचं. धानाच्या मोसमात शेतातून पोती उचलून तुमसरपर्यंत न्यायची, लग्नसराईत मंडपवाल्याचं सामान वाहायचं. बपेरा तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. इकडचा मुलूख बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडीची काही तक्रार नसते. अडचण येते ती पांदणीत, आणि पांदणीतून नहराच्या पाळीवर चढताना. मागे चाळीस किलोची पस्तीस-छत्तीस पोती, पहिला गिअर, हाफ क्लच आणि केबिनभर जळका वास. चढली तर चढली, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला फोन. त्याला ओढून काढायचे पैसे दिले की त्या फेरीत भावाच्या हातात काही उरत नाही.

त्यात मंडपवाल्याने एक नवं काम पुढे केलं. सामान पिकअपमध्ये आणि मागे जनरेटरची ट्रॉली जोडायची. पूर्ण सीझनचं भाडं पक्कं. मेकॅनिक म्हणाला, मागचा क्राऊन बदलून टाक, मग काहीही ओढेल. भावाने मला फोन केला. "दादा, तू इंजिनिअर आहेस ना? क्राऊन बदलला तं गाडी चढते का?"

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. आपल्याकडे असे हजारो आहेत. घरच्यांच्या लेखी मात्र इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. पण हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर अंदाजाने नाही, आकड्यांनी देता येतं.

इंजिनची फिरकी गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टला येते आणि शाफ्ट मागच्या एक्सलमध्ये शिरतो. तिथे त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला रेशो. तो ४ असेल तर शाफ्टचे चार फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग चौथा हिस्सा होतो आणि चाक फिरवणारा जोर चौपट. रेशो वाढवला की जोर वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. इंजिनची ताकद आहे तेवढीच राहते, कुठून जास्तीची येत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच तालुक्यातून रोज धडधडत जातं. मुंबई-हावडा मार्गावर तुमसर रोड स्टेशन आहे. तिथे मालगाडी ओढणारं डब्ल्यूएजी-९ आणि एक्स्प्रेस ओढणारं डब्ल्यूएपी-७ अशी दोन्ही इंजिनं दिसतात. मूळ रचना दोघांची एकच. मोठा फरक गिअरच्या दातांत आहे. मालगाडीच्या इंजिनात ७७ आणि १५, म्हणजे रेशो ५.१३. प्रवासी इंजिनात ७२ आणि २०, म्हणजे ३.६. तेवढ्यावर एकाचा सुरुवातीचा ओढण्याचा जोर ४५८ किलोन्यूटन आहे आणि दुसऱ्याचा साधारण ३२३. भागून बघा, जोरातला फरक आणि रेशोतला फरक जवळपास तंतोतंत जुळतो. बदल्यात मालगाडीचं इंजिन ताशी १००वर थांबतं आणि एक्स्प्रेसचं १४०पर्यंत जातं.

भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझी गाडी एक्स्प्रेस आहे आणि मी तिला मालगाडीला लावली." बरोबर.

मग मी त्याला मोजणी करायला लावली. पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक लाकडाने अडवायचं, दुसरं मागचं चाक जॅकवर उचलायचं, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकाचे बरोबर दोन फेरे द्यायचे आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. डिफरेन्शियलमुळे एक चाक अडलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. शाफ्ट चार फेऱ्यांहून जरासा जास्त फिरला. म्हणजे ४१ आणि १०, रेशो ४.१. मेकॅनिक जो सेट सुचवत होता तो ४१ आणि ९चा, म्हणजे ४.५६. एका दाताने ११ टक्के.

११ टक्क्यांनी पाळ चढते का, हे बघायला सोपे आकडे धरले. इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर, वाटेत वाया जाणारा १० टक्के. जुन्या सेटवर चाकापाशी साधारण ८६० किलोचा जोर मिळतो, नव्यावर ९५५. आता गरज किती? गाडी आणि धान मिळून ३.२ टन. पाळीचा चढ दहाला एक धरला तर वजनाच्या १० टक्के जोर चढालाच लागतो. कापणीनंतरच्या मऊ मातीत चाक रुतत जातं, त्याचे १५ टक्के. एकूण ८००. म्हणजे जुन्या सेटवर हाताशी फक्त ६० किलो शिल्लक. तेही इंजिन जोमात फिरत असेल तर. चढाच्या पायथ्याशी ते तसं फिरत नाही, म्हणून हाफ क्लच, म्हणून वास, म्हणून वर्षाला दोन प्लेटा. नव्या सेटवर शिल्लक १५५. धानासाठी हा फरक मोठा आहे.

आता याच पाळीवर मागे ८०० किलोची ट्रॉली जोडा. वजन ४ टन, गरज १००० किलो. जुना सेटही पुरत नाही आणि नवाही पुरत नाही.

पावसाळ्यात तर हिशेब वेगळ्याच ठिकाणी अडतो. जोर इंजिनातून कितीही येवो, तो जमिनीला टायरच देणार. भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांवर साधारण दोन टन वजन येतं. ओल्या चिकणमातीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच पकड मिळाली तर सहाशे-सातशे किलोच्या पुढे चाक जागीच फिरणार. तिथे क्राऊन बदलून काही होत नाही. ट्रॅक्टर तिथून निघतो, कारण त्याची मागची चाकं मोठी, खोल नक्षीची, आणि त्याचं बरचसं वजन त्यांच्यावरच असतं. शिवाय त्यात क्राऊन-पिनियननंतर आणखी एकदा गिअरने वेग कमी केलेला असतो. पिकअपला तसं करता येत नाही, कारण तिला तुमसरलाही वेळेत पोहोचायचं असतं.

हे सगळं फोनवर चाललं होतं. काका बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "चढवायचं झालं. थांबवायचं काय?"

माझ्या सगळ्या आकडेमोडीत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. मोठ्या रेशोने उतारावर इंजिन ब्रेकिंग थोडं सुधारतं, पण ब्रेक होते तेवढेच राहतात. त्या जनरेटरच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. पिकअपने जोरात ब्रेक दाबला की मागची ट्रॉली धक्का देणार, आणि गाडी जराशी वळलेली असेल तर तिला आडवी करणार. लग्नाचं काम रात्रीचं असतं, रस्त्यावर माणसं चालत असतात. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रॉलीलाही मोटार वाहनच मानतो. तिचीही नोंदणी लागते, नंबर लागतो. या ट्रॉलीला यातलं काही नव्हतं. अपघात झालाच तर विम्यावाला सगळ्यात आधी हेच विचारणार. आणि पाठीमागे माणूस मेला तर पुढचं काही विचारायलाच नको.

भाऊ चिडला. सीझनचं भाडं त्याच्या सहा हप्त्यांएवढं होतं. "तुला काय, तू पुण्यात बसून सांगते," असंही म्हणाला. ते खरंच आहे. त्याच्या हप्त्याची तारीख माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हती.

शेवटी त्याने अर्धं काम केलं. सेट बदलला. याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीच जो जोड देते तोच घेतला, कारण त्याच कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेबाहेर गाडी बदलू देत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर असतो, म्हणून एक नवा आणि एक जुना चालत नाही. मेकॅनिकने दातांना रंग लावून फिरवून पाहिला. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत पातळ पत्त्या घालून-काढून दोन दिवस लावले. मग हाउसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचं ऑइल, आणि पहिले काही दिवस गाडी हलक्या मालावरच चालवायची.

नोव्हेंबरात गाडी पाळीवर हाफ क्लच न धरता चढली. आता ताशी ६०ला इंजिन आधीपेक्षा मिनिटाला दोनशे फेरे जास्त फिरतं, तुमसरच्या फेरीला डिझेल थोडं जास्त लागतं. मीटर शाफ्टच्या फेऱ्यांवर चालत असल्याने तो ६०ला ६७ दाखवतो आणि ९० किलोमीटरचे १०० मोजतो. गिऱ्हाईक मीटरवर भाडं ठरवत असेल तर भाऊ आधीच सांगून टाकतो. पावसात पांदणीचं काम आलं की तो सरळ ट्रॅक्टरवाल्याचा नंबर देतो. आधी त्याच माणसाला ओढून काढायचे पैसे द्यावे लागायचे, आता तोही याला डांबरी रस्त्याचं भाडं पाठवतो.

जनरेटरचं काम त्या सीझनला दुसऱ्याच गाडीला गेलं. मंडपवाल्याने आता नवी ट्रॉली करायला घेतली आहे, भावाने त्याला ब्रेकवाला एक्सल आणि पासिंगचा खर्च लिहून दिला आहे. परवा त्याने मला त्या ट्रॉलीचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "हिचं वजन धरून पुन्हा हिशेब कर ना, दादा. डांबरी रस्ताच धर."