सतारमेकर गल्लीतली उधारी

मी सांगलीत वेबसाइटी बांधते. बेदाण्याचे व्यापारी, हळदीचे अडते, दवाखाने, एखादं मंगल कार्यालय अशी माझी गिऱ्हाइकं. हा धंदा शिकलात कुठं, असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते. विषय लवकर आटपतो. कोडिंग तिथंच शिकले, हे खरंच आहे. पण गिऱ्हाइकाला काय विचारायचं, त्याच्या उत्तरातलं पानावर काय येऊ द्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कळलं. ज्यांच्यामुळं कळलं त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. चाचांनी कीबोर्डला कधी हात लावलेला नाही. जवारी काढताना, म्हणजे वाद्याची तारांखालची घोडी घासून सूर खुलवताना, लागणारा चष्मा मोबाइल बघायला ते चढवत नाहीत. "त्यात बघण्यासारखं काय असंल तर वाचून दाखव," म्हणतात.

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनायला लागून दीडशेहून जास्त वर्षं झाली. शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा. हत्यारांचे दिवस सरत आले तसं फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं, आणि त्यातून ही गल्ली उभी राहिली. पुढं किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले. 1937 साली ते वारले. त्यांची कबर इथल्या दर्ग्यात आहे आणि उरसात त्यांच्या स्मरणार्थ ठिकठिकाणचे गवई येऊन गातात. कारागीर आणि गवई असे हाकेच्या अंतरावर असताना वेबसाइट हवीच कशाला? चाचांच्या मुलानं, म्हणजे भाईनं, मला त्याचं उत्तर दिलं. पूर्वी गवई मिरजेला यायचा. आता गाणं शिकणारी मुलगी मेलबर्नला असते आणि पुण्यात बसलेले तिचे गुरुजी तिला फोनवर सांगतात, "मिरजेचाच घे." ती इंटरनेटवर शोधते आणि तिला सापडतो मोठ्या शहरातला दुकानदार, जो वाद्य मिरजेतूनच नेतो.

चाचांच्या दुकानाची आधीची एक वेबसाइट होती. उघडली की मोठमोठी चित्रं एकामागून एक सरकत राहायची, त्यातल्या एकात चक्क गिटार होती. खाली इंग्रजीत जागतिक दर्जा, वारसा, उत्कृष्टता वगैरे. फोन नंबर शोधायला आतल्या पानांवर जावं लागायचं. मोबाइलवर ती इतकी हळू उघडायची की मेलबर्नच्या मुलीनं तोवर दुसरीकडं पैसे भरले असते.

पहिल्या बैठकीत मी आमच्या धंद्यातला ठरलेला प्रश्न विचारला, "तुमचं वैशिष्ट्य काय सांगायचं?" चाचा भोपळ्याच्या कडेवर कानस फिरवत होते. "ते वाजवणाऱ्यानं सांगायचं. आपणच आपल्याला चांगलं म्हणून कुणाला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली, "ती वही दे हिला."

त्या वहीचं ऋण मोठं आहे. ती भाभींची वही. दुकानाचा फोन त्याच घेतात. चाचांनी घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणं प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ: गाणार कोण, पट्टी कुठली, राहणार कुठं, पाठवलं कुणी, हवा कधी. इथवर कुठल्याही चोख दुकानदाराकडं सापडेल. पण समासात बारीक अक्षरात भाभींनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती, ती म्हणजे त्या माणसानं फोनवर विचारलेले प्रश्न. पट्टी बदलली तर तोच तंबोरा चालेल का? थंड देशात लाकूड चिरेल का? विमानात तारा ढिल्या करायच्या का? घोडी कशाची आहे? मी डावखुरा आहे, सतार मिळेल का? आजीचा तंबोरा आहे, भोपळा फुटलाय, टाकून द्यावा का? वही दुकानाबाहेर जात नाही, म्हणून मी तिथंच बसून सगळं उतरवून घेतलं. भाभी मधूनमधून चहा ठेवायच्या आणि वाचता न येणाऱ्या ओळी वाचून दाखवायच्या.

उतरवून झाल्यावर वेबसाइटचा आराखडा बराचसा समोर होता. मला तो फक्त लावायचा होता. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न पट्टीचा, म्हणून तो पहिल्या पानावर. काळी चारला गाणाऱ्या बाईंनी पाच फुटी मर्दानी तंबोरा घेतला तर तारा ओढून ओढून तो कधी बोलणार नाही. आणि काळी एकच्या गवयाला जनानी तंबोऱ्याचा खर्ज पुरणार नाही. हे वाक्य त्या पानावर आहे, जवळजवळ चाचांच्याच शब्दांत. त्यानंतरचा क्रमांक दुरुस्तीचा. वहीत जवारी काढायला, खुंटी बसवायला, फुटका भोपळा सांधायला आलेल्या ओळी नव्या वाद्यांच्या बरोबरीनं होत्या, आणि जुन्या वेबसाइटवर दुरुस्तीचं अक्षरही नव्हतं. घराण्याचा इतिहास भाईला सर्वांत वर हवा होता. भाभी म्हणाल्या, "फोनवर आजवर कुणी इतिहास विचारला नाही." तो शेवटच्या पानावर गेला. 'आमच्याविषयी' या पानाबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं बरं नाही, आणि बेदाणावाल्यांशी त्यावरून माझे खटके उडतात.

वेबसाइटवर थेट खरेदीची सोय असावी, टोपलीत टाका, पैसे भरा, संपलं, असं भाईला फार वाटत होतं. चाचांनी कानस खाली ठेवली. "पट्टी न विचारता तंबोरा विकायचा? मग परत कोण घेणार, तू?" खरेदीचं बटण गेलं. त्याच्या जागी वहीतल्या रकान्यांचा एक छोटा अर्ज आला: कोण, पट्टी, गाव, उजवा की डावखुरा, कधी हवा. डावखुऱ्यांचा रकाना सतारीसाठी महत्त्वाचा, कारण डावखुऱ्याची सतार मुळापासूनच उलटी घडवावी लागते. अर्ज भरला की भाभींना मेल जातो आणि त्या फोन करतात. किमतीवरून दोन दिवस वाद झाला. शेजारचे बघतील, असं भाईचं म्हणणं. भाभींचा हिशेब वेगळा होता: नुसता भाव विचारायला येणारे फोन कमी झाले तर खऱ्या गिऱ्हाइकाशी नीट बोलता येईल. अमुक रुपयांपासून पुढं, असं लिहायचं ठरलं. लागणारा वेळही खराच लिहायचा ठरलं, पावसाळ्यात पॉलिश वाळायला उशीर होतो ह्या कारणासकट.

आवाजाचं काम सर्वांत अवघड निघालं. तंबोरा फोटोवर कसा विकणार? प्रत्येक वाद्याचं ध्वनिमुद्रण घालायचं असं ठरलं. गल्लीत दिवसभर रंध्याचा आवाज, मोटरसायकली, भाजीवाले. म्हणून पहाटेची अजान झाल्यावर, दुकानं उघडण्याआधी आम्ही मुद्रण करायचो. मोबाइलच्या माइकवर जवारी नीट उतरेना, तेव्हा आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका ध्वनितंत्रज्ञांनी स्वतःचं यंत्र आणून दिलं. माइक भोपळ्यासमोर नाही, घोडीच्या थोडा वर धरायचा, हेही त्यांनीच दाखवलं. त्यांनी एक पैसा घेतला नाही. पहिलं मुद्रण मी चाचांना माझ्या फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "खर्ज कुठाय?" मुद्रणात खर्ज होता, फोनमध्ये नव्हता. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तिथवर उतरता येत नाही. म्हणून प्रत्येक ध्वनिफितीशेजारी एक ओळ आली: हेडफोन लावून ऐका. पान उघडताच आवाज आपोआप सुरू करावा असं भाईला वाटत होतं. एकतर बहुतेक ब्राउझर आता तसं होऊच देत नाहीत, आणि चाचांचा शेरा असा की न विचारता कुणाच्या कानात शिरू नये.

घोडी कशाची, हा प्रश्न परदेशातून हमखास येतो, आणि तो विचारण्याला कारण आहे. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत असायचं. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 साली बंदी ठरली. हरणाचं शिंगही आपल्याकडं विकता येत नाही. कस्टममध्ये वाद्य अडकलं तर गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला. तेव्हा घोडी उंटाच्या हाडाची, दांडी तुणीच्या लाकडाची, भोपळा मंगळवेढ्याकडच्या शेतातला, असं प्रत्येक भागापुढं लिहिलेलं एक साधं पान केलं. त्या पानाचा मेलबर्नपासून टोरांटोपर्यंत उपयोग होतो, असं भाभी सांगतात.

त्याच पानापाशी चाचांनी मला अडवलं. "भोपळ्याचं लिहिलंस, भोपळा पिकवणाऱ्याचं?" दांडी कोरणारा वेगळा, नक्षी बसवणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा, तारा चढवून जवारी काढणारे ते स्वतः. सगळ्यांना विचारून, ज्यांनी हो म्हटलं त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या कामापुढं घातली. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या कामातलं काय काय दुसऱ्यांचं आहे?"

मी सांगायला लागले आणि यादी लांबत गेली. सर्न नावाच्या युरोपातल्या संशोधन संस्थेनं 30 एप्रिल 1993 रोजी हे वेब सगळ्यांना फुकट खुलं केलं. तसं झालं नसतं तर मला दुसरा धंदा बघावा लागला असता. ज्या वर्डप्रेसवर मी त्यांची पानं बांधत होते ते 2003 पासून कुणालाही मोफत मिळतं. काही ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याआधी जे कुलूप दिसतं, त्याचं प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागायचं. लेट्स एन्क्रिप्ट ही बिगरनफा संस्था ते फुकट देते. आणि पानावरचं मराठी अक्षर मुक्ता नावाचं, मुंबईच्या एक टाइपनं घडवून खुलं केलेलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "मग हे खाली लिहिलंस का?" नव्हतं लिहिलेलं, आमच्या धंद्यात पानाच्या तळाशी बांधणाऱ्याचं नाव टाकतात, तेवढंच. त्या वेबसाइटच्या तळाशी आता वर्डप्रेस, मुक्ता, लेट्स एन्क्रिप्ट आणि सर्न यांची नावं आहेत, त्याखाली माझं. त्यानंतर मी बांधलेल्या प्रत्येक वेबसाइटवर ती ओळ आहे. हळदीच्या एका अडत्यानं ती काढायला सांगितली होती. मी काढली नाही, त्यानंही पुन्हा विषय काढला नाही.

डोमेनचा प्रकार मात्र कटकटीचा होता. दुकानाच्या नावाचा पत्ता आधीच्या बांधणाऱ्यानं स्वतःच्या नावावर नोंदवला होता. कागदोपत्री तो त्याचाच. हलवायला लागणारा कोड तो देईना, फोन उचलेना. मी नवीन नाव घ्यायचा सल्ला दिला. चाचा एका सकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. भांडले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले की आमच्या दुकानाची पाटी यांच्याकडं आहे, ती न्यायला आलोय. जेवणाच्या सुट्टीआधी कोड भाईच्या मेलवर आला. आता माझ्या करारपत्राचं पहिलं कलम हेच आहे: डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्या मेलवर, पासवर्ड त्याच्या हातात. बाकी कलमं वकिलांनी लिहिली.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्या दिवशी भाईचा फोन, लोगो लाव. तो लोगो नोंदणीकृत वापरकर्त्यालाच वापरता येतो, हे मी वाचून दाखवलं. त्यावर चाचांनी एवढंच म्हटलं की आधी नोंदणी, मग लोगो. नोंदणी होईपर्यंत ती जागा मोकळी ठेवली.

आता पैशाचं. वेबसाइटचं काम चाललेलं असताना माझ्या आईचा तंबोरा मी त्यांना दाखवायला नेला होता. लग्नानंतर तिचं गाणं सुटलं आणि तंबोरा माळ्यावर गेला. तबली उचललेली, दोन खुंट्या गायब, भोपळ्याला बोटभर भेग. चाचांनी तो ठेवून घेतला. परत मिळाला तेव्हा आईनं त्यावर सूर लावला, आणि बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिल्यांदा कळलं की आपली बायको काळी चारला गाते. मी बिल मागितलं. चाचा म्हणाले, "तुझं आधी आण." मी म्हटलं, तुमचं आल्याशिवाय माझं येणार नाही.

भाभींनी दोन्ही कामं वहीत लिहिली आहेत, एकाखाली एक, रकमेचा रकाना दोन्हीकडं कोरा. मी दर वर्षी डोमेनच्या नूतनीकरणाचे तेवढे पैसे लावते. भाई ते लगेच पाठवतो आणि मजुरी कुठं आहे म्हणून विचारतो. मागच्या महिन्यात त्यानं डावखुऱ्यांच्या सतारीसाठी वेगळं पान करायला सांगितलंय. फोटो भाभी काढणार आहेत, मजकूर चाचा सांगणार आहेत, आणि या वेळी बिल आगाऊ घेतल्याशिवाय कामाला हात लावू देणार नाही, असा भाईनं दम दिलाय. मी पान अर्धं करून ठेवलंय.