बोटांना सोसणारा कळफलक

बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर झिजेमुळे टणक गाठी उभ्या राहिल्या, की वृद्ध माणसे शर्टाच्या बटणांची तक्रार घेऊन येतात. लिहिणे सुटल्याची तक्रार सहसा कुणी करीत नाही. माझ्या सासऱ्यांनी ती केली. न्यायालयात टंकलेखक म्हणून आयुष्य घालवलेल्या अप्पांना एक्क्याऐंशीव्या वर्षी आठवणी लिहायच्या होत्या, आणि लॅपटॉपच्या सपाट कळा त्यांना मुक्या वाटत. कळ दाबली गेली की नाही हे उमगत नसल्याने ते ती जोराने दाबून धरीत. पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागे आणि संध्याकाळी बोटे ठणकत.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्विच असतो. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटते. तळापर्यंत ठोकावे लागत नाही. प्रचलित लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब पुरतो. निळ्याला अधिक लागतो व तो टकटक वाजतो. तपकिरी स्विचचा हलका खटका बोटाला जाणवतो. अप्पांना निळ्याचा आवाज फार आवडला होता, परंतु सासूबाईंच्या दुपारच्या झोपेचा विचार करून तपकिरी ठरला. हात कापत असतील तर मात्र फार हलकी कळ घेऊ नये. नुसत्या स्पर्शाने नको ती अक्षरे उमटतात.

खरा वाद झाला तो तारेवरून. माझे मेहुणे बिनतारीच्या बाजूचे होते. टेबल मोकळे राहील, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण ते राहतात दुसऱ्या गावी. ब्लूटूथची जोडणी तुटली, चार्जिंग संपले, किंवा वापरात नसताना झोपी गेलेल्या कळफलकाने पहिले अक्षर गिळले, तर वृद्ध माणूस यंत्राला दोष देत नाही. तो स्वतःच्या स्मरणशक्तीला देतो. असे खोटे पुरावे ऐंशीनंतर कुणाच्या हाती देऊ नयेत. शिवाय बरेचसे यांत्रिक कळफलक किलोभर वजनाचे असतात. ते मांडीवर घेऊन लिहिण्याचे सुख फारसे कुणी उपभोगत नाही. आम्ही तारेचा घेतला.

तथापि तार चालण्याच्या वाटेवरून जाणार असेल, तर बिनतारीच घ्यावा. खुब्याच्या अस्थिभंगापेक्षा चार्जिंगची कटकट परवडली. दोन्ही प्रकारे चालणारे कळफलकही मिळतात. पेसमेकर असलेल्यांना टेबलावरच्या ब्लूटूथ कळफलकाची सहसा अडचण नसते. तो छातीशी कवटाळून मात्र ठेवू नये, आणि शंका असल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

यांत्रिक कळफलक उंच असतो. त्याचे मागचे पाय मिटूनच ठेवावेत, म्हणजे मनगट वर वळत नाही. सकाळी बोटे आखडलेली असतील तर आधी कोमट पाण्यात हात बुडवावेत व वीसेक मिनिटांनी थांबावे.

अप्पांच्या बोटांत जुन्या मराठी टंकलेखन यंत्राची मांडणी मुरलेली आहे. तीच संगणकावर बसवून दिली. गाठी तशाच आहेत. रोज अर्धे पान होते. मजकूर सध्या डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपापाशी आला असून, त्या रात्री कोण कोण घराबाहेर धावले यावर सासूबाईंचा आणि त्यांचा मतभेद चालू आहे.