कोहळं, कद्दू आणि काडीवरचा पास्ता

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लाल भोपळ्याला भोपळा म्हणणारी माणसं कमीच. मेहकरच्या बाजारात ते कोहळं असतं. खान्देशाच्या बाजूला सरकलं की त्याचं डांगर होतं. आमच्या घरात तो कद्दू. आणि उर्दू माध्यमाच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथल्या मुलींना पुस्तकात भेटतो तो भोपळा. पुण्याच्या भाजीवाल्याला कोहळा मागितला तर तो पेठा करतात तो पांढरा कोहळा पुढे करील. एका फळाला चार नावं आणि एका नावाची दोन फळं! वर्षानुवर्षं मी हे शिकवत आले, पण या नावांचा नीट विचार केला तो घरात पास्ता करायचं ठरलं तेव्हा.

माझी मुलगी दहावीला आहे. तिने मोबाइलवर कुठेतरी केशरी रंगाचा पास्ता पाहिला. भोपळ्याचा गर पिठातच घालून मळलेला, घरी हाताने केलेला. "अम्मी, अपन भी करेंगे?" घरात कोहळं होतंच. शेताच्या धुऱ्यावर लावलेल्या वेलाचं, जाड सालीचं, आतून गर्द केशरी. दिवाळीनंतर काढलेलं असं कोहळं कोरड्या जागी ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं.

माझी अम्मी पलंगावर बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिने रेसिपी विचारून घेतली आणि म्हणाली, "ये तो बोंडे का आटा हुआ."

खरंच की. कोहळ्याचे बोंडे विदर्भात घरोघरी होतात. कोहळं किसायचं, गुळासोबत शिजवायचं, निवलं की त्यात मावेल तेवढी कणीक घालायची आणि तेलात बोंडे सोडायचे. पश्चिम महाराष्ट्रात अशाच पिठाच्या घाऱ्या थापतात. पिठात भोपळा ही गोष्ट आपल्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेली. मुलीच्या पास्त्यात फरक एवढाच की गूळ वगळायचा आणि कढईतल्या तेलाऐवजी उकळत्या पाण्यात सोडायचं.

उकळत्या पाण्यात सोडायचंही काही परकं नाही. आपल्याकडे सरगुंडे आहेत.

ज्यांनी सरगुंडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रवा आणि कणीक घट्ट भिजवून खूप तिंबायची. तिची दोऱ्यासारखी बारीक, लांब वळी करायची. मग एक गुळगुळीत काडी घ्यायची, नव्या खराट्याची, धुऊन वाळवलेली. तिच्यावर ती वळी वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, तळहातावर हलकेच फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. हातात उरते ती पोकळ, पीळदार नळी. कडक उन्हात वाळवली की वर्षभराची बेगमी. खायच्या वेळी शिजवायचे, पाणी गाळायचं आणि वरून आमरस. जावयाला सासुरवाडीत आमरस-सरगुंडे मिळाले की त्याची बडदास्त झाली म्हणायची. नखुले, गव्हले, बोटवे, मालत्या ही सगळी सरगुंड्याची भावंडं. त्या सगळ्यांना मिळून मराठीत फार सुंदर शब्द आहे, वळवट. हाताने वळायचं ते वळवट. पास्ता या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायची वेळ आली तर मी तरी दूर जाणार नाही.

अम्मीला सरगुंडे येतात. ती ते शिकली समोरच्या काकूंकडून.

आमचं जुनं घर मेहकरला, पैनगंगा जिथून वळते त्या गावात, एका अरुंद गल्लीत होतं. समोर काकूंचं घर. चैत्र-वैशाखात काकूंच्या ओट्यावर सरगुंडे आणि कुरडया, आमच्या अंगणात शेवया. शेवयांची लोखंडी मशीन आमची. ती खाटेला आवळून बसवायची, अम्मी पीठ भरायची, आम्ही मुलं दांडा फिरवायचो आणि काकू खाली हात धरून शेवयांचे झुपके उचलून दोरीवर टाकायच्या. त्या अम्मीला 'भाभी' म्हणायच्या, अम्मी त्यांना 'वहिनी'. दोन भाषांतला एकच शब्द. ईद जवळ आली की काकू आमच्याकडे हात लावायला यायच्या. त्यांच्याकडे लग्न निघालं, रुखवत मांडायचं असलं, की अम्मी वळवट करायला जायची. कुणी कुणाकडे किती दिवस काम केलं याचा हिशेब मी कधी ऐकला नाही.

गेल्या वीस-बावीस वर्षांत ती गल्ली रिकामी झाली. भांडण झालं नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. गावाबाहेर प्लॉट पडले. ज्याला जिथे मिळाला तिथे त्याने घेतला, आणि कुणाला कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं. आता आमच्या कॉलनीत सगळे आमचे आणि काकूंच्या नगरात सगळे त्यांचे. मधे दीड-दोन किलोमीटर अंतर. ईदच्या शेवया दुकानातून पाकिटात येतात. चांगल्या असतात, तक्रार नाही. पण दुकानदाराला 'वहिनी' म्हणावं लागत नाही.

मुलीला घेऊन मी काकूंकडे गेले. काकू आता पंचाहत्तरीच्या. बोटांची पेरं सुजतात, पण परात पाहिली की हात थांबत नाहीत. मी कोहळं कापून नेलं होतं. त्यांनी माझ्या मुलीला समोर बसवलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "पानी नको टाकू माय. कोहयं सोडते तेवढंच पानी पुरते."

या एका वाक्यात सगळी कृती आहे. नेहमी आपण पीठ मोजून घेतो आणि त्यात पाणी घालतो. इथे उलटं. आधी कोहळं, मग ते म्हणेल तेवढं पीठ. कोहळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. फोडी पाण्यात उकडल्या तर त्या आणखी पाणी पितात. म्हणून वाफवायच्या किंवा भाजायच्या. मऊ झाल्या की कुस्करून पातळ कापडातून किंवा चाळणीतून काढायच्या आणि तो गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत राहायचा. कढईची कड सोडून गोळा व्हायला लागला की झालं. पूर्ण थंड होऊ द्यायचा.

पाव किलो पिठाला असा घट्ट गर साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम लागतो. पीठ अर्धी कणीक, अर्धा बारीक रवा. बन्सी गव्हाचा रवा मिळाला तर उत्तम. बन्सी हा आपल्या काळ्या मातीतला, पावसाच्या ओलीवर येणारा कठीण दाण्याचा गहू. इटलीत सुका पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा करतात त्याच जातीचा. पोळीच्या लोकवनपेक्षा त्याचं वळवट शिजताना कमी फुटतं. चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, बास. कोहळ्याच्या तंतूंमुळे कणकेचा चिकटा तुटतो, म्हणून हे पीठ साध्या कणकेपेक्षा जास्त वेळ तिंबायचं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. ठेवल्यावर ते किंचित सैलावतं. हाताला लागलं तर रव्यावर घोळवायचं, पण एकदम मूठभर पीठ कोंबायचं नाही.

मग काडी. काकूंनी दोन वेढे दाखवले, तिसरा मुलीने घातला. पहिले पाच-सहा वेडेवाकडे. काकू म्हणाल्या, "खायाले सारखेच लागते." संध्याकाळपर्यंत ताटभर केशरी सरगुंडे झाले. उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडले, वर तरंगले की आणखी दोन-तीन मिनिटं ठेवले, गाळले. वर तुपात जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरचीचे तुकडे आणि भाजलेले तीळ. चीज कुणाला आठवलं नाही. कोहळ्याची गोडी आणि लसणाचा झणका एकमेकांना धरून असतात.

परत येताना मुलीने विचारलं, पास्ता आधी कुणाचा? प्रश्न शिक्षिकेच्या पोरीला शोभणारा होता, म्हणून घरी येऊन तिला सांगितलं. अल्-इद्रीसी नावाच्या अरब भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीच्या रॉजर राजासाठी एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचं वर्णन आहे. तिथे पिठाच्या सुकवलेल्या तारा, म्हणजे 'इत्रिय्या', एवढ्या मोठ्या प्रमाणात होत की जहाजं भरून मुसलमानांच्या आणि ख्रिस्त्यांच्या अशा दोन्ही मुलखांत जात. राजा ख्रिस्ती, लिहिणारा मुसलमान आणि शेवया सगळ्यांच्या.

इराणात शेवयांना रिश्ता म्हणतात. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. नवरोजच्या सुमाराला तिथे 'आश-ए-रिश्ता' नावाचं शेवया घातलेलं घट्ट सूप करतात. तोच शब्द उर्दूत आला आणि त्याचा अर्थ झाला नातं. धागा, शेवई आणि नातं, तिन्हींना एकच शब्द. मी वीस वर्षं उर्दू शिकवते आहे, तरी या शब्दावर प्रत्येक वेळी थांबते.

आणि कोहळं? ते तर अमेरिकेतलं. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये. त्यानंतर समुद्रमार्गे हे फळ इकडे आलं आणि इटलीलाही तेव्हाच गेलं. तिथल्या मान्तुआ शहरात आजही भोपळ्याचं गोडसर सारण भरलेला पास्ता नाताळच्या आदल्या रात्री खातात. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाया सांगतात की कद्दू खाणं सुन्नत आहे. हदीसमध्ये पैगंबरांना आवडायचा म्हणून उल्लेख आहे तो 'दुब्बा'चा, आणि त्या काळी अरबस्तानात लाल भोपळा नव्हता. तो दुधीच्या घराण्यातला असणार. उर्दूने दोन्हींना कद्दू म्हटलं आणि या परदेशी फळाला आपल्या दस्तरखानावर जागा मिळाली. मराठीने त्याला कोहळं म्हटलं, म्हणजे इथल्या जुन्या पांढऱ्या कोहळ्याचं नाव देऊन घरात घेतलं. दोन्ही भाषांनी तेच केलं. पाहुण्याला घरच्याचं नाव दिलं.

हे सगळं मला वर्गात लागतं. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मराठी तो उनकी है ना?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती जन्मली आमच्या कॉलनीत. तिच्या दारासमोर ओटा नाही, ओट्यावर काकू नाही. मराठी तिला भेटते ती फक्त तासाला, पुस्तकातून. मला ती आधी काकूंच्या ओट्यावर भेटली, पुस्तक नंतर आलं.

बीएडला आम्हाला शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मी मुलींना सांगितलं, घरी अम्मी आणि दादी स्वयंपाक करताना जे शब्द बोलतात ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. परात, सूप, पाटा, वरवंटा, उखळ, चूल. मी फळ्याच्या एका बाजूला ते लिहिले आणि म्हटलं, हे सगळे मराठी शब्द आहेत, तुमच्या अम्मीच्या तोंडचे. दुसऱ्या बाजूला लिहिले तवा, मैदा, मसाला, बाजार, जिन्नस. हे फारसी-अरबीतून आले आणि काकूंच्या तोंडात आहेत. त्या मुलीने बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. मग हात वर करून म्हणाली, "मॅडम, फिर तो आधी हमारी भी है." मी तिला 'आधी' खोडायला सांगितलं नाही. उरलेली अर्धी तिची तिने मिळवायची आहे.

भाषेचा तास मी घेऊ शकते. ओटा बांधून देऊ शकत नाही. आणि ओट्याशिवाय शब्द फार दिवस राहत नाहीत. वळवट म्हणजे काय हे माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, आणि काकूंच्या नगरातल्या नातींनाही नाही, असं काकूच सांगत होत्या.

कोहळ्याच्या या सरगुंड्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. साधे सरगुंडे वर्षभर राहतात. कोहळ्याचे राहत नाहीत. कोहळ्यातली साखर ओल धरून ठेवते. वरून खडखडीत दिसले तरी डब्यात घालून झाकण लावलं की दमट होतात आणि बुरशी धरतात. उन्हाळ्यात पातळ वळून चार-पाच दिवस कडक ऊन दिलं तर थोडे दिवस निघतात, नाहीतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावे लागतात. साठवायची सोय नाही, म्हणून जास्त झाले की वाटावेच लागतात.

आता दर पंधरा दिवसांनी मुलगी मुद्दाम जास्तीचे करते. झाकलेला डबा स्कूटीच्या हुकाला अडकवून काकूंकडे पोचवते. डबा रिकामा परत येत नाही. मागच्या वेळी त्यात नखुले होते.