किती पावलांवर पाणी कमरेला लागतं?

गेल्या वर्षी उत्तरायणाला आक्काकडे बडोद्याला गेलो होतो. मडगावला ओखा गाडीत बसलं की थेट बडोद्यालाच उतरायचं, मधे बदलाबदली नाही. आक्का लग्न होऊन दांडिया बाजारात गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. आता ती बोलताना अर्धी गुजराती असते, पण माझा आवाज कानावर पडला की "कितें रे, बरो मरे?" सुरू होतं.

उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर असतं. पतंग, उंधियू, जिलेबी आणि चारी बाजूंनी "काप्यो छे"चा गलका. त्या गलक्यातच भावोजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडे भाचा होता. तो नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी लागली की तिथली अर्धी जनता गाडीला सामान बांधून दक्षिणेला समुद्रावर कॅम्पिंगला जाते म्हणे. यंदा याने ठरवलं होतं की आईबाबांनाही न्यायचं.

"मामा, तू समुद्राकडचा माणूस. चार जागा काढल्यात, त्यातली कुठली घेऊ ते तू सांग. आणि आईला तयार कर. ती नाही म्हणते."

भावोजींच्या डोळ्यांसमोर कॅम्प म्हणजे एनसीसीचा तंबू. त्यांना वाटलं, उघड्यावर चूल आणि पहाटे शिटी. ते खूश! लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात लाठी फिरवलेला माणूस, साठी उलटली तरी दंड-बैठका चालू आहेत. भाच्याने समजावून सांगितलं. तिथली कॅम्पसाइट म्हणजे एक आखीव वाडाच. प्रत्येकाला नंबर घातलेली जागा, विजेचा खांब, मध्यभागी न्हाणीघरं आणि भांडी घासायच्या मोऱ्यांची रांग. भांडी टबात घालून तिथे न्यायची, घासून आणायची. ज्यांना तंबू नको त्यांच्यासाठी चाकांवरची छोटी घरं असतात, आत स्वयंपाकाचा ओटा आणि संडास. मुलांसाठी खेळ घेणारी माणसं, तरणतलाव, भाड्याच्या सायकली. डच लोकांकडे एसीएसआय नावाची यांची जाडजूड निर्देशिकाच आहे, तिचे निरीक्षक दरवर्षी जागा बघून नोंदी करतात. आमच्या ऑडिटसारखंच, पण हे लोक स्वखुशीने करून घेतात!

रात्री मी कागद घेतला. वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला निवड करायला सांगितली की तो तुलनात्मक तक्ता करतो. उभ्या रकान्यात चार जागा. पहिली फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, लाँद भागात, पाईनच्या जंगलात. दुसरी फ्रान्सच्याच भूमध्य किनाऱ्यावर, स्पेनच्या सीमेजवळ. तिसरी क्रोएशियात इस्त्रियाला. चौथी इटलीत, व्हेनिसजवळ कवाल्लिनोला. सगळ्यात स्वस्त पहिली, म्हणजे आमच्या भाषेत 'एल-वन'. फाइल असती तर तिथेच सही करून मोकळा झालो असतो.

पण आक्का उंधियूचं पातेलं घासत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

आता हे मला सांगितलंच पाहिजे. मी आठ वर्षांचा असताना आक्का मला समुद्रावर घेऊन गेली होती. ती अठराची. मे महिना संपत आला होता, पाणी कसं गढूळ आणि जड होतं त्या दिवसांत, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. मी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत... आणि एका लाटेनंतर पायाखालची वाळूच गेली. रापण आवरणाऱ्या एका माणसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. घरी कुणाला कळलं नाही. आक्काने मात्र त्यानंतर पाण्यात पाय घातला नाही. बडोद्याचं स्थळ आलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या लांब?" आक्का म्हणाली, "दर्या ना थंय, बरें जालें."

खरंच नाही. बडोद्याला विश्वामित्री आहे आणि तिच्यात मगरी! शहराच्या मधोमध मगरी घेऊन राहणाऱ्या लोकांना दर्याचं भय वाटावं, याची गंमत वाटते. जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, तिथे वाळू कमी आणि चिखल जास्त. कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला वर येतं, ते बघायला बडोदेकर जातात, पण पोहायला कोण जाणार? गायकवाडांच्या राज्याला समुद्र होता तो लांब काठेवाडात, ओखामंडळात आणि कोडिनारला. भावोजींचे आजोबा संस्थानच्या नोकरीत कोडिनारला होते. कोडिनारच्या पुढे पोर्तुगीजांचं दीव. "आमच्या घराण्यातला पहिला परदेश म्हणजे दीव," असं भावोजी दर वेळी सांगतात. माझ्या कार्यालयातल्या जुन्या फायलींवर 1987 पर्यंत 'गोवा, दमण आणि दीव' असंच छापलेलं आहे, त्यामुळे हा परदेश आमच्याच आस्थापनेतला, असं मीही दर वेळी सांगतो.

आक्काने तोच धागा धरला. "मग मुलांनाच दीवला आणा. इटली कित्याक?"

मुद्दा चुकीचा नव्हता. दीवच्या घोघला किनाऱ्याला आणि द्वारकेजवळच्या शिवराजपूरला 2020 मध्ये 'ब्लू फ्लॅग' मिळाला. स्वच्छ पाणी, सुरक्षा वगैरे पाहून देतात तो निळा झेंडा, फ्रान्समध्ये 1985 ला सुरू झालेला. त्या वर्षी देशातले आठ किनारे निवडले, त्यांत गोव्याचा एकही नव्हता, हे आपण जरा मनावर घ्यायला हवं. पण मुलांची सुट्टी पडते जुलैत. जुलैत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कोण पाण्यात उतरतो? नारळी पौर्णिमेला नारळ देईपर्यंत दर्या आपला नसतोच. शिवाय दारूबंदीच्या गुजरातमधून दीवला सुट्टीच्या दिवशी कोण आणि कशाला जातं, ते भावोजींनाच विचारा. कुटुंब घेऊन जायचं तर दिवस बघून जावं लागतं.

मी तक्ता पुन्हा मांडला. तलावावरच्या घसरगुंड्या, करमणूक, तारे हे रकाने खोडले. फक्त समुद्राचे प्रश्न ठेवले. भरती-ओहोटी किती? वारा कुठून कुठे? तळ वाळूचा की खडकांचा? पहाऱ्याला कोण?

मग सगळंच बदललं. लाँदला लाटा उंच, भरतीही मोठी. ओहोटीला वाळूत तळ्यासारखे खळगे उरतात, वरून अगदी शांत. मुलं खेळायला तिथेच जाणार. भरती फिरली की त्यांतलं पाणी एका फटीतून बाहेर ओढ घेतं. त्यांना तिकडे 'बाईन' म्हणतात. मला ती आठ वर्षांच्या वयात न शिकवताच समजली आहे. एल-वन बाद. भूमध्य समुद्राला भरती नावापुरती, पण फ्रान्सच्या त्या कोपऱ्यात जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा सुटतो. हवा भरलेल्या गादीवर बसलेलं पोर बघता बघता आत जातं. (तिथल्या बऱ्याच तरणतलावांत सैल चड्डी चालत नाही, तंगच लागते, हे ऐकून भावोजींनी फ्रान्सवर स्वतंत्र फुली मारली.) इस्त्रियाचं पाणी आरशासारखं, पण किनारा गोट्यांचा-खडकांचा, पायाला समुद्री साळूचे काटे आणि खोली लगेच. पोहणाऱ्याला स्वर्ग, तीन वर्षांच्या पोरीला नव्हे.

राहिलं कवाल्लिनो. बारीक वाळू, हळूहळू उतरत जाणारा तळ, मचाणावर जीवरक्षक आणि त्यांची लाल होडी. रस्ते सपाट, म्हणजे सायकली. दुपारी एक ते तीन गाड्यांना बंदी, आवाज बंद, सगळे झोपणार. हे वाचून मला पणजीच आठवली! आक्काचे गुडघे आणि रात्रीचा संडास लक्षात घेऊन तंबू रद्द, चाकांवरचं घर नक्की केलं. भांडी घासायच्या टबाची पाळी भाच्याने आणि भावोजींनी घ्यायची, ही अट मी घातली. नाहीतर बाईमाणसाला सुट्टी कसली, मोरी फक्त इटलीला गेली एवढंच. डास मात्र भरपूर, मागे खाडी आहे ना.

दुसऱ्या दिवशी फोनवर आक्काने एकच विचारलं, "पाणी कमरेला लागायला किती पावलं?" भाच्याला उत्तर येईना. नातवाने मधे तोंड घातलं. तिकडे मुलांना पोहण्याची परीक्षा असते, पहिल्या पायरीलाच अंगावर कपडे घालून पोहावं लागतं, कारण बुडणारा माणूस कपड्यांतच असतो. तो त्या परीक्षेची तयारी करत होता. "आजी, मी तुला धरीन," म्हणाला. आमच्या कार्यालयात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पोहता येणारे बोटांवर मोजावे इतके आहेत. मीही त्यांत नाही. 2008 पासून आपल्या किनाऱ्यांवर दृष्टीचे जीवरक्षक उभे आहेत म्हणून आपली लाज राहते.

आक्का हो म्हणाली नाही. पण फेब्रुवारीत भावोजींनी व्हिसाचे कागद भरले तेव्हा तिने फोटो काढून दिला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी दुपारचा डबा उघडत होतो आणि फोन वाजला. मागे पोरांचा आरडाओरडा, भावोजींच्या सायकलची घंटी.

"चाळीस पावलं आयले रे," आक्का सांगत होती, "आजून दिंब्यांक पावूंक ना."